माझी माती करोडपती : चित्रपटांच्या नावांतला बागेचा शब्दखेळ

सर्वांच्या तोंडी बसलेल्या चित्रपटाच्या नावातील एखाददुसरे अक्षर बदलून तेथे फूल, माती किंवा अवजार आणून बसवणे हा शब्दखेळ वरवर सोपा वाटतो. परंतु तो खऱ्या अर्थाने साधायचा तर भाषेचा कान आणि बागेची जाण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. मूळ रचनेची चाल कायम ठेवून तिच्यात वेगळाच आशय भरण्याला विडंबन म्हणतात, तर एकाच शब्दातून दोन अर्थ निघण्याला अलंकारशास्त्रात श्लेष अशी संज्ञा आहे. चित्रपटांच्या नावांवरचे बहुतेक खेळ या दोहोंच्या सीमेवर उभे असतात, कारण त्यांत नवा शब्द समोर असतो आणि जुना शब्द वाचणाऱ्याच्या स्मरणात वाजत असतो.

मराठीत या परंपरेचा धागा आचार्य प्र. के. अत्रे यांच्यापर्यंत सहज जाऊन पोहोचतो. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी लिहिलेल्या विडंबन कवितांच्या संग्रहाचे नाव ‘झेंडूची फुले’ असे आहे, आणि १९५३ साली ‘श्यामची आई’ हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा चित्रपटही त्यांनीच दिग्दर्शित केला. विडंबन, फूल आणि चित्रपट या तिन्ही गोष्टी एकाच लेखकाच्या कर्तृत्वात अशा एकत्र आलेल्या असल्यामुळे या शब्दखेळाला मराठीत उपरे मानण्याचे कारण उरत नाही.

खेळाचे सर्वांत नितळ उदाहरण ‘माझा पती करोडपती’ या १९८८ च्या चित्रपटाच्या नावातून मिळते. ‘पती’च्या जागी ‘माती’ आणली की ‘माझी माती करोडपती’ असे नाव तयार होते. पती पुल्लिंगी आणि माती स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘माझा’चे ‘माझी’ करावे लागते, तरीही अक्षरांची संख्या आणि यमक यांना धक्का लागत नाही, म्हणून कान हा बदल विनातक्रार स्वीकारतो. त्याहून महत्त्वाचे असे की हे नवे नाव शब्दशः खरे आहे : सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये जिवाणूंची संख्या काही कोटींपासून शेकडो कोटींपर्यंत असू शकते, आणि पालापाचोळा कुजवून त्यातील अन्नद्रव्ये मुळांना उपलब्ध करून देण्याचे काम हेच जीव करतात. ज्या मातीत हे धन नाही, तिच्यात वरून कितीही खत ओतले तरी त्याचा पुरेसा उपयोग होत नाही.

‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ मधील संगीत नाटकाचे आणि त्यावर आधारित २०१५ मधील चित्रपटाचे नाव. त्यावरून ‘कुदळ काळीत घुसली’ असे म्हटले, तर ‘क’चा अनुप्रास, म्हणजे एकाच वर्णाची पुनरावृत्ती, तसाच टिकतो. खेड्यात ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नावाची गोडी अधिक कळेल. काळ्या मातीतील चिकणमातीची खनिजे पाण्याने फुगतात आणि वाळताना आक्रसतात. त्यामुळे ही माती ओली असताना अवजाराला चिकटते आणि सुकल्यावर भेगाळून कठीण होते. कुदळ सुखाने घुसते ती या दोन टोकांच्या मधल्या अवस्थेत, जेव्हा मातीच्या पोकळ्यांत ओलावा आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात. शेतकरी या अवस्थेला वाफसा म्हणतो.

दादा कोंडके यांच्या ‘एकटा जीव सदाशिव’चे ‘एकटा जीव सदाफुली’ करताना जीव आणि सदाशिव यांच्यातील यमक हरवते, हे मान्य करावे लागते; मात्र ‘सदा’ हा समान भाग आणि वनस्पतीचा स्वभाव या दोहोंनी ती उणीव भरून निघते. मूळची मादागास्करची ही वनस्पती भिंतीच्या फटीतही कोणाच्या देखभालीविना उगवते, जवळजवळ वर्षभर फुलते आणि रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषधही तिच्यातूनच मिळते. के. आसिफ यांच्या १९६० च्या चित्रपटावरून ‘मोगरा-ए-आझम’ म्हणावे, तर मधला ‘ए’ हा नाम आणि विशेषण जोडणारा फारसी दुवा तसाच राहतो, आणि हिवाळ्यात छाटणी करून भरपूर ऊन दिलेला मोगरा उन्हाळ्यात ‘आझम’, म्हणजे सर्वश्रेष्ठ, ही पदवी सार्थ करून दाखवतो.

‘अशी ही बनवाबनवी’ या नावात तर काहीही बदलण्याची गरज नाही. केतकीचे बन, आंब्याचे बन यांतील ‘बन’ त्यात आधीपासूनच दडलेले आहे. शब्द वेगळ्या जागी तोडून दुसरा अर्थ काढण्याच्या या रीतीला सभंग श्लेष म्हणतात. ‘श्यामची जाई’ हे नाव मात्र जपून वापरावे असे आहे, कारण मूळ नावाभोवती महाराष्ट्राची श्रद्धा आहे. तरीही ते शोभते, कारण साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील ‘मुकी फुले’ या प्रकरणात कळ्या खुडू नयेत, त्यांना झाडावरच उमलू द्यावे, ही शिकवण श्यामला आईकडूनच मिळते.

याउलट पु. ल. देशपांडे यांच्या ‘गुळाचा गणपती’चे ‘गुलाबाचा गणपती’ केले, तर ध्वनी जवळचा असूनही खेळ फसतो, कारण गणपतीचे फूल म्हटले की मराठी मनाला लाल जास्वंद आठवते. म्हणजेच नाव कानाला पटणे पुरेसे नाही. ते बागेतही खरे ठरावे लागते. शाळेच्या परसबागेतील किंवा सोसायटीच्या गच्चीवरील पाट्यांवर अशी नावे लिहिली गेली, तर आजोबांच्या पिढीचे चित्रपट नातवंडांच्या कानी पडतील आणि वाफसा, छाटणी, जिवाणू हे विषयही त्यांच्यासोबत लक्षात राहतील. भाषेची आवड आणि मातीची आवड मुलांना एकत्र लावणारे इतके स्वस्त साधन दुसरे क्वचितच सापडेल, म्हणून ते जाणीवपूर्वक वापरले पाहिजे.