चिनी जेडचे मौन

जेड कापले जात नाही, झिजवावे लागते. साध्या पोलादी सुरीचा त्यावर ओरखडाही उठत नाही. तरीही सुमारे ५००० वर्षांपूर्वी, आजच्या हांगचौ शहराजवळ, लियांगचू संस्कृतीच्या कारागिरांनी ओल्या वाळूने घासघासून त्याच्या विधिवस्तू घडविल्या. फानशान येथे १९८६ साली एका थडग्यात निघालेला ‘त्सुंग’ साडेसहा किलोंचा आहे : बाहेरून चौकोनी, आतून गोल पोकळ, अंगावर केसाएवढ्या बारीक रेषांचे देवमुख. त्सुंग पृथ्वीचा आणि मध्ये छिद्र असलेली ‘बी’ नावाची चकती आकाशाची, असे सांगण्याचा प्रघात आहे. परंतु हा अर्थ ‘चौ-ली’ या ग्रंथातला, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरचा! घडविणाऱ्यांनी स्वतः वाचता येईल असा एकही शब्द मागे ठेवलेला नाही. अठराव्या शतकातील छ्येनलुंग बादशहाने मात्र अशा प्राचीन जेडवर खुशाल आपल्या कविता कोरविल्या.