विटाळ आणि विसावा

कांहीं गोष्टी घरोघर दरमहा घडत असतात, परंतु चारचौघांत त्यांचा उच्चार होत नाहीं. स्त्रियांचा मासिक ऋतु ही त्यांपैकींच एक. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून देहधर्मांविषयीं उघडपणें लिहिण्यास आरंभ केला, त्यासहि आतां शंभर वर्षें होत आलीं. तरी हा विषय निघाला कीं बैठकींतले पुरुष खिडकीबाहेर पाहूं लागतात. साठी उलटलेल्या आणि संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या शिक्षकानें त्यावर लेखणी उचलावी, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या दुःखाविषयीं बोलण्याची लाज वाटते, तें दुःख त्या लाजेनें कमी होत नाहीं, उलट वाढतें. आणि ज्या स्त्रियांना तें कारखान्यांत बसून सोसावें लागतें, त्यांच्या हातचे शिवलेले कपडे आपण रोज अंगावर घालतों. तेव्हां ऐकून न ऐकल्यासारखें करणें आपणांस शोभत नाहीं.

प्रथम आपल्या घरांतील जुनी रीत पाहूं. पंचवटींतल्या किंवा जुन्या नाशकांतल्या कोणत्याहि वाड्यांत दोन पिढ्यांपूर्वीं माजघराबाहेर एक कोपरा असे. 'बाजूला बसलेली' सून तीन दिवस तेथें घोंगडीवर बसे; तिचें ताट वेगळें, तांब्या वेगळा, वाढणें दुरून. लहान मूल आईकडे धांवलें तर 'तिला कावळा शिवला आहे' एवढें सांगून त्यास आवरीत. चौथ्या दिवशीं न्हाणें झालें म्हणजे ती पुन्हां चुलीपाशीं. वर्षभरांत नकळत घडलेल्या स्पर्शदोषाचें क्षालन व्हावें म्हणून भाद्रपद शुद्ध पंचमीस ऋषिपंचमीचें व्रत. या सर्वांच्या मुळाशीं तैत्तिरीय संहितेंतील एक आख्यान सांगतात. विश्वरूपाच्या वधानें इंद्रास लागलेलें पातक पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया यांनीं वांटून घेतलें, व स्त्रियांच्या वांट्याचा अंश तो हा ऋतु. म्हणजे पातक इंद्राचें आणि कोपरा सुनेचा!

वैद्यकग्रंथांची दृष्टि निराळी होती. सुश्रुतानें ऋतूचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत सांगितला आहे, आणि त्या दिवसांत जीं पथ्यें घातलीं आहेत, त्यांत श्रम टाळावे हेंहि एक आहे. यावरून असें दिसतें कीं, आपल्या जुन्या रीतींत दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एक विटाळ, दुसरी विसावा. पंचवीस माणसांचा स्वयंपाक आणि दळणकांडण जिच्या माथीं, तिची पाठ त्या तीन दिवसांत टेके. पण त्या विसाव्याची किंमत तिला अपमानानें मोजावी लागे. शिवाय हा विसावाहि सर्वांना मिळत नसे. दुसऱ्याच्या शेतावर खुरपणीस जाणाऱ्या बाईला चूल चालविण्यासाठीं रोज कामावर जाणें भागच होतें. तिच्या पदरीं विटाळ तेवढा पडला. विसावा कधींच पडला नाहीं.

सुशिक्षित घरांतून तो कोपरा आतां बहुतेक गेला आहे, आणि तो गेला हें उत्तम झालें. परंतु कोपरा गेला तरी त्याच्या भोंवतींचें मौन राहिलें. आणि यंत्रासमोर बसलेल्या बाईला तें मौन फार महाग पडतें. तयार कपड्यांचा कारखाना हें याचें ठळक उदाहरण होय. सोलापूरचे गणवेशाचे कारखाने घ्या, बारामतीचा टेक्स्टाइल पार्क घ्या, किंवा दूरचीं बंगळूर व तिरुपूर घ्या. मोठ्या कारखान्यांतली कामाची पद्धत सारखीच असते. कापलेलें कापड एका ओळींतून पुढें सरकतें. एकीनें कॉलर लावावी, दुसरीनें बाही जोडावी, तिसरीनें काज करावें. तासास किती नग व्हावे हें आधींच ठरलेलें. मधली एक बाई पांच मिनिटें उठली तर तिच्यापाशीं ढीग सांचतो व पुढची रिकामी बसते. उठावयाचें तर सुपरवायझरची परवानगी हवी, परवानगीस कारण हवें, आणि सुपरवायझर पुष्कळदां पुरुष. परक्या पुरुषास हें कारण कोणती बाई सांगेल? ती सांगत नाहीं. त्याऐवजीं ती सकाळपासून पाणी पिणेंच सोडते.

याचे परिणाम डॉक्टरांस ठाऊक आहेत. पाणी न पिण्यानें व लघवी तुंबविण्यानें मूत्रमार्गास जंतुसंसर्ग होतो. घडी चार ते सहा तासांनीं बदलावी असें वैद्यक सांगतें. ती आठ-दहा तास तशीच राहिली तर कातडी सोलवटते, खाज व दुर्गंधि सुरू होते. कापड वापरण्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र तें साबणानें धुवून कडक उन्हांत वाळविलें पाहिजे. लाजेमुळें तें इतर कपड्यांखालीं अंधारांत वाळत घालतात, तेथें तें दमट राहतें, आणि रोग तेथूनच उपजतो. पोटांतल्या कळा हा नखरा नव्हे. गर्भाशयाच्या अस्तरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचें द्रव्य तयार होतें, त्यानें स्नायु आवळले जातात व कळ उठते. त्यांत अंगीं रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ रक्तक्षयी आढळल्या. अशा बाईस सात दिवसांहून अधिक स्राव होत असेल, किंवा घडी तासाभरांत भिजत असेल, तर तिला डॉक्टरकडे नेण्यास विलंब करूं नये.

डॉक्टरकडे नेण्याऐवजीं काय होतें, तें २०१९ सालीं उघडकीस आलें. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशननें तामिळनाडूंतील वस्त्रोद्योगांत काम करणाऱ्या सुमारें १०० स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. कळा येऊं लागल्या कीं कामावरच त्यांना एक गोळी दिली जाई. पाकिटावर औषधाचें नांव नाहीं कीं मुदत नाहीं. गोळी घ्यावी आणि यंत्र पुन्हां सुरू करावें. पुढें आपली प्रकृति बिघडली असें त्यांपैकीं निम्म्याहून अधिक जणींनीं सांगितलें. वेदनाशामक औषध योग्य वेळीं, जेवणानंतर, डॉक्टरच्या सल्ल्यानें घेण्यास हरकत नाहीं. परंतु येथें गोळी बाईच्या सुखासाठीं नव्हती, तासाच्या नगांसाठीं होती.

'हें दूरच्या प्रांतांतलें' असें म्हणून आपली सुटका होत नाहीं. हाच रोग आपल्या महाराष्ट्रांत, कारखान्याच्या भिंतींबाहेर, उसाच्या फडांत याहून भयंकर रूपानें दिसला. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं हजारों जोडपीं ऊसतोडीस बाहेर पडतात. नवराबायको मिळून 'एक कोयता'. उचल आधींच घेतलेली. आणि एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापून घेतो. फडावर न्हाणीघर नाहीं, संडास नाहीं. मग ऋतूचे दिवस म्हणजे दंडाचे दिवस, असा हिशेब मनांत बसतो. आणि अंगावरून जाणें, पोट दुखणें अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला 'पिशवी काढून टाका' हा सल्ला सोपा वाटतो. २०१९ च्या जून महिन्यांत राज्याच्या विधिमंडळांत सांगण्यांत आलें कीं, तीन वर्षांत बीड जिल्ह्यांतील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयें काढण्यांत आलीं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणींत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें, म्हणजे शेंकडा सुमारें सतरा. हीं सर्व शस्त्रकर्में अनावश्यक होतीं असें नव्हे. परंतु कामाची मांडणी अशी असावी कीं बाईस आपला अवयवच अडथळा वाटावा, यास काय म्हणावें? अकालीं गर्भाशय आणि त्यासोबत बीजकोशहि गेले म्हणजे हाडें ठिसूळ होतात, अंगाची लाही होते, आणि तिशीतली बाई पन्नाशीची दिसूं लागते.

कामगार स्त्रीच्या देहाची दखल कायद्यानें घ्यावी ही कल्पना कांहीं परकी नव्हे. ती याच मुंबई इलाख्यांत वाढली. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून गिरणी कामगारांचीं गाऱ्हाणीं मांडलीं आणि १८९० सालीं रविवारची सुटी मिळविली. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांचा करून त्यांत दीड तासाची विश्रांति घातली. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूति-भत्त्याच्या विधेयकास पाठिंबा दिला, आणि १९२९ सालीं तो कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्यानें स्त्रियांकरितां वेगळीं, स्वच्छ व उजेडाचीं शौचगृहें आणि हातपाय धुण्याची सोय बंधनकारक केली. या कायद्याची जागा आतां २०२० च्या संहितेनें घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली आहे; तींतहि हीं कर्तव्यें कायम आहेत. म्हणजे शौचगृह आणि पाणी हें मालकाचें औदार्य नव्हे, तें बाईचें कायदेशीर देणें आहे. मात्र कायद्यानें शौचगृह मिळतें, तेथें जाण्याची मोकळीक मिळतेच असें नाहीं.

आतां रजेचा प्रश्न. जपाननें १९४७ सालीं व इंडोनेशियानें १९४८ सालीं अशी रजा कायद्यांत घातली. आपल्याकडे बिहार सरकारच्या नोकरींतील स्त्रियांस १९९२ पासून दरमहा दोन दिवस मिळतात. २०२५ च्या ऑक्टोबरांत कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानें दरमहा एक दिवस पगारी रजेचें धोरण मंजूर केलें, आणि त्यांत तयार कपड्यांचे कारखानेहि धरले. त्यास न्यायालयांत हरकतहि घेण्यांत आली. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें, हा धोरणाचा प्रश्न आहे असें सांगतांना, सक्ती केल्यास मालक स्त्रियांना कामावर घेण्याचें टाळतील अशी भीति बोलून दाखविली. ही भीति पोकळ नाहीं. परंतु तिचें उत्तर आपल्याच इतिहासांत आहे. १९२९ च्या कायद्यांत प्रसूति-भत्त्याचा भार एकट्या मालकावर होता. १९४८ च्या कायद्यानें राज्य कामगार विमा योजना आली, आणि विमा असलेल्या स्त्रियांपुरता तो भार सर्वांच्या वर्गणींतून भरलेल्या निधीवर गेला. २०१९ पासून कामगाराच्या वेतनाचे शेंकडा पाऊण व मालकाचे शेंकडा सव्वातीन त्या निधींत जातात. ऋतूच्या रजेचें वेतन याच निधींतून दिल्यास, पुष्कळ स्त्रिया कामावर ठेवणाऱ्या मालकास एकट्यास भुर्दंड पडणार नाहीं.

याहून कठीण प्रश्न विश्वासाचा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरांत हरियाणांतील एका विद्यापीठांत सफाई कामगार स्त्रियांकडे ऋतूचा पुरावा म्हणून छायाचित्र मागितल्याची तक्रार झाली. असा पुरावा मागणारा मनुष्य आणि वाड्यांतला तो कोपरा यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. दोघेहि बाईच्या देहाला सर्वांसमोर उभें करतात. जेथें 'मला आज बरें नाहीं' एवढा तिचा शब्द पुरेसा धरला जाणार नाहीं, तेथें रजा देणें म्हणजे विसाव्याच्या नांवाखालीं विटाळ परत आणणें होय.

आमच्या वाचकांच्या घरांत कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत व्यवस्थापक असेल, कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणाचा लहानसा शिलाईचा कारखाना असेल. त्यांच्या हातून होण्यासारख्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहींत. शौचगृहास आंतून कडी, नळास पाणी, झांकणाचा डबा, आणि कपाटांत घड्या, ज्यांची मागणी कोणाकडे करावी लागणार नाहीं. न विचारतां उठण्याची मुभा. ओळीवर एक जादा बाई, जी उठलेलीची जागा घेईल. आणि औषध द्यावयाचें तर नांवासह व डॉक्टरच्या सल्ल्यानें. घरांतल्या गृहिणींसहि एक विनंति आहे. भांडीधुणें करणारी बाई महिन्यांतून एखादा दिवस येत नाहीं, तेव्हां खाड्याचे पैसे कापूं नका व कारणहि विचारूं नका. मुकादमाचा दंड आपणांस क्रूर वाटतो. तोच हिशेब आपल्या स्वयंपाकघरांतल्या कॅलेंडरावर मांडलेला असूं नये.

वाड्यांतल्या त्या तीन दिवसांत जो विटाळ होता, तो फेंकून द्यावयाचाच होता. परंतु धान्य पाखडतांना फोलाबरोबर दाणेहि उडवून द्यावयाचे नसतात. ज्या बाईच्या आईला आणि आजीला विसावा कधीं ठाऊकच नव्हता, तिला तो आतां मिळाला पाहिजे. तो दयेचा नसावा, शास्त्राच्या भीतीचाहि नसावा. रविवारच्या सुटीसारखा हक्काचा असावा, आणि तो घेतांना तिला मान खालीं घालावी लागूं नये.