कातकामाच्या लेथला बांधावरच्या झाडाची जोड

आंध्र प्रदेशातील अनकापल्ली जिल्ह्यात वराह नदीच्या काठी एटिकोप्पाका हे गाव आहे. परिसरात उसाची शेती असून, १९३०च्या दशकात, म्हणजे प्रवरानगरच्या आधीच, येथे सहकारी तत्त्वावर साखर कारखाना उभा राहिला होता. गावाची देशभरची ओळख मात्र आहे ती लाखेच्या रंगांत चमकणाऱ्या लाकडी खेळण्यांमुळे. २०१७ मध्ये या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नैसर्गिक रंगांचा वापर पुन्हा रुजवण्यासाठी झटणारे गावचे कारागीर सी. व्ही. राजू यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ने सन्मानित करण्यात आले.

मानांकन आणि सन्मान मिळूनही येथील कारागिरांपुढे एक जुना प्रश्न कायम आहे, तो म्हणजे लाकडाचा. ज्या झाडावर ही कला उभी आहे, ते आसपासच्या जंगलात विरळ होत चालले आहे. हा प्रश्न लेथवर सुटणारा नाही, त्याचे उत्तर शेताच्या बांधावर आहे. म्हणूनच कातकाम करणाऱ्या कारागिरांच्या स्थानिक मंडळांकडे कृषी विस्तार यंत्रणेने लक्ष देणे आवश्यक ठरते.

कातकाम म्हणजे काय?

लेथवर वेगाने फिरणाऱ्या लाकडाला पटाशी लावून गोल आकार देण्याच्या कामाला मराठीत ‘कातकाम’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला ‘कातारी’. भोवरे, लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खांब, कुंकवाचे करंडे आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या या सर्व वस्तू याच कामातून घडतात. कर्नाटकातील चन्नपट्टणा, मध्य प्रदेशातील बुधनी, उत्तर प्रदेशातील वाराणसी, गुजरातमधील कच्छ आणि महाराष्ट्रातील सावंतवाडी ही या कामाची प्रसिद्ध केंद्रे होत.

एटिकोप्पाका आणि चन्नपट्टणा येथील पारंपरिक पद्धत साधी, पण कौशल्याची आहे. वाळलेल्या लाकडाचा ठोकळा लेथवर बसवून त्याला आकार दिला जातो आणि तो घासून गुळगुळीत केला जातो. त्यानंतर रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या वस्तूवर दाबली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर तिचा पातळ, एकसारखा थर बसतो. शेवटी केवड्याचे पान दाबून धरले की त्या थराला झळाळी येते. या संपूर्ण प्रक्रियेत ब्रश किंवा रंगाचा डबा लागत नाही.

लाकूड, लाख, वनस्पतिजन्य रंग आणि केवड्याचे पान या चारही वस्तू शेतातून किंवा जंगलातून येतात. त्यामुळे कातकाम हा हस्तकलेइतकाच शेतीपूरक उद्योगही आहे.

काळा कुडा : दुर्लक्षित झाड

या कामासाठी सर्वाधिक पसंतीचे लाकूड ‘राइटिया टिंक्टोरिया’ या झाडाचे आहे. मराठीत त्याला काळा कुडा, तेलुगूत अंकुडु, कन्नडमध्ये आले मर आणि हिंदी पट्ट्यात दूधी म्हणतात. लाकूड हस्तिदंती पांढरे, बारीक पोताचे आणि कातण्यास सोपे असते. त्याला सहसा चिरफळ्या निघत नाहीत व त्याच्यावर लाखेचा रंग खुलून दिसतो.

हे पानगळीच्या जंगलातील लहान ते मध्यम उंचीचे झाड आहे. फांदी तोडल्यावर पांढरा चीक निघतो. उन्हाळ्यात पांढरी सुवासिक फुले येतात. शेंगा जोडीने लागतात आणि टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे झाड सहज ओळखता येते. पानांपासून निळीसारखा रंग मिळतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘टिंक्टोरिया’ हा शब्द याच गुणाचा निदर्शक आहे. तमिळनाडूतील सिद्ध वैद्यकात त्याच्या पानांचे तेल त्वचाविकारांवर वापरले जाते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या झाडाचे दोन गुण विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे तोडल्यानंतर बुंध्यापासून त्याला जोमदार फुटवा येतो, त्यामुळे एकदा लावलेले झाड वारंवार लाकूड देऊ शकते. दुसरा म्हणजे खेळणी व लहान वस्तूंसाठी जाड ओंडक्यांची गरज नसते. मनगट ते मांडीएवढ्या जाडीच्या फांद्याही उपयोगी पडतात. सागवानासाठी एक पिढी थांबावे लागते, तेवढी दीर्घ प्रतीक्षा येथे करावी लागत नाही. तरीही अनेक ठिकाणी हे झाड सरपणात जाते, कारण जवळच्या लेथवर त्याची गरज आहे हे शेतकऱ्याला ठाऊक नसते आणि कोणत्या शेतात झाड आहे हे कातारी जाणत नाही.

चन्नपट्टण्यात टंचाईमुळे रबराच्या झाडाचे आणि इतर लाकूडही वापरात आले आहे. चिकाचे उत्पादन घटल्यावर तोडल्या जाणाऱ्या रबराच्या झाडांचे लाकूड सुकवून आणि कीडप्रतिबंधक प्रक्रिया करून चांगले काम देते. परंतु ते दुरून आणावे लागते आणि वाहतुकीचा भार लहान कारागिरावर पडतो.

मंडळ काय करू शकते?

एकट्या कारागिराला लाकडाचा साठा करणे, यंत्र घेणे, रंगाची चाचणी करणे आणि बाजार शोधणे ही सर्व कामे झेपत नाहीत. दहा-पंधरा कारागीर एकत्र येऊन मंडळ, बचत गट किंवा सहकारी संस्था स्थापन करतात, तेव्हा ही कामे वाटून घेता येतात. अशा मंडळाच्या कामाचे चार मुख्य भाग असतात.

*सामाईक लेथ :* जुन्या हातलेथवर दोर ओढण्यासाठी दुसरा माणूस लागत असे. विजेच्या लेथमुळे ते श्रम वाचले आणि स्त्रियांनाही हे काम करणे सोपे झाले. प्रत्येकाने स्वतंत्र यंत्र घेण्याऐवजी एका छताखाली काही यंत्रे बसवून वेळापत्रकाप्रमाणे वापरल्यास भांडवल कमी लागते. चन्नपट्टण्यात राज्य हस्तकला विकास महामंडळाने उभारलेले संकुल हे सामाईक सुविधेचे उदाहरण आहे.

*लाकूड सुकवणे :* ओल्या लाकडापासून केलेली वस्तू पुढे आकसते, वाकडी होते किंवा तडकते. लाकूड उन्हात घाईने वाळवल्यास त्याच्या टोकांना भेगा पडतात. म्हणून ठोकळे सावलीत, हवा खेळेल अशा रीतीने, मध्ये पट्ट्या ठेवून रचावेत आणि त्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा लाख लावावी. हा साठा काही महिने अडकून राहतो. हातावर पोट असलेल्या कारागिराला तितके थांबणे परवडत नाही, मंडळाच्या सामाईक कोठारामुळे मात्र ते शक्य होते.

*प्रशिक्षण व सुरक्षितता :* नव्या शिकाऊंना पटाशीला धार लावणे, ती आधारपट्टीवर टेकवून धरणे आणि लाकूड मध्यबिंदूवर नेमके बसवणे या गोष्टी अनुभवी कातारीच शिकवू शकतो. डोळ्यांना चष्मा आणि नाका-तोंडावर मुखपट्टी असावी. सैल बाह्या, लोंबता पदर आणि मोकळे केस लेथजवळ असू नयेत. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असल्याने कामाच्या जागी खेळती हवा आवश्यक आहे.

*गुणवत्ता व नोंदणी :* १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह बंधनकारक झाले. मात्र विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांना या आदेशातून सूट देण्यात आली. ज्याची नोंदणी नाही, त्याला ही सूट मिळत नाही. सदस्यांची नोंदणी पूर्ण करून घेणे हे मंडळाचे पहिले काम असले पाहिजे. सूट असली तरी लहान मुले खेळणी तोंडात घालतात, याचे भान ठेवून रंगांची शुद्धता जपणे ही मंडळाची नैतिक जबाबदारी राहते.

लाख आणि रंग : शेतातील दुसरी साखळी

लाख हा ‘केरिया लॅक्का’ या सूक्ष्म कीटकाचा स्राव होय. पळस, बोर आणि कुसुम ही त्याची प्रमुख यजमान झाडे आहेत. रंगिनी प्रकाराची पिके बैशाखी आणि कतकी, तर कुसुमी प्रकाराची जेठवी आणि अघनी या नावांनी ओळखली जातात. झारखंड आणि छत्तीसगड ही आघाडीची उत्पादक राज्ये असून, महाराष्ट्रात गोंदिया परिसरात पळसावर लाख घेतली जाते. रांची येथे १९२४ मध्ये स्थापन झालेली लाख संशोधन संस्था आज राष्ट्रीय कृषी उच्चतर प्रसंस्करण संस्थान या नावाने कार्यरत आहे. लाखशेतीचे प्रशिक्षण आणि तांत्रिक मार्गदर्शन तेथे उपलब्ध आहे.

लाखेच्या बाजारभावात मोठे चढउतार होतात आणि त्यांचा फटका उत्पादकाला बसतो. काडीवरून खरवडलेली लाख व्यापाऱ्याच्या हवाली करण्याऐवजी ती धुऊन दाणा लाख तयार केल्यास मूल्य वाढते. धुण्याच्या पाण्यातून मिळणारा तांबडा रंगही उपयुक्त असतो. कातकाम मंडळांची मागणी संपूर्ण उत्पादन उचलण्याइतकी मोठी नसते, परंतु ती वर्षभर टिकणारी असते. उत्पादक गट आणि कारागीर मंडळ यांच्यात थेट करार झाल्यास दोन्ही बाजूंना स्थैर्य लाभते.

रंगांच्या बाबतीत एटिकोप्पाकाचा अनुभव मार्गदर्शक आहे. बाजारातील रासायनिक रंगांनी पारंपरिक रंगांना मागे सारले होते, ते पुन्हा वापरात आणण्यासाठी तेथे दीर्घकाळ प्रयोग झाले. हळदीपासून पिवळा, निळीपासून निळा, शेंद्रीच्या बियांपासून नारिंगी आणि काथापासून तपकिरी रंग मिळतो. हळद व नीळ एकत्र केल्यास हिरवी छटा येते. मंद आचेवर मऊ केलेल्या लाखेत रंग मिसळून ती वारंवार ओढली व दुमडली जाते आणि रंग एकजीव झाला की तिच्या कांड्या वळल्या जातात. हळदीचा रंग तीव्र उन्हात फिका पडतो, हे ग्राहकाला आधीच सांगणे हिताचे ठरते.

बांधावरील लागवड

काळ्या कुड्यासाठी पिकाखालील जमीन अडवण्याची गरज नाही. बांध, कुंपण, ओढ्याचा काठ आणि मुरमाड पडीक जागा त्याला पुरतात. एक हेक्टरच्या चौरस शेताचा परीघ ४०० मीटर भरतो, त्यामुळे ४ मीटर अंतरावर लागवड केल्यास बांधावर सुमारे १०० झाडे बसतात. उत्तरेकडील बांधावर लावलेल्या झाडांची सावली त्याच शेतातील पिकावर कमी पडते, मात्र शेजाऱ्याशी आधी बोलून घेणे इष्ट.

शेंगा पक्व होऊन उकलण्यापूर्वीच गोळा कराव्यात, कारण बियांना रेशमी तंतूंचा झुपका असल्याने त्या वाऱ्याबरोबर उडून जातात. ताज्या बियांपासून पिशव्यांत रोपे तयार करून पावसाळ्याच्या प्रारंभी लावावीत आणि पहिली दोन वर्षे गुरांपासून राखावीत. सरळ खोड मिळण्यासाठी खालच्या फांद्या वेळेवर छाटाव्यात. तोडणी जमिनीलगत, तिरप्या व स्वच्छ कापाने करावी आणि नंतर येणाऱ्या फुटव्यांपैकी दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढावेत.

तोडणी आणि वाहतुकीच्या परवानगीचे नियम राज्यानुसार भिन्न आहेत. लागवडीच्या वेळीच झाडांची नोंद जमिनीच्या अभिलेखात, महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यावर, करून घेतल्यास पुढील अडचण टळते. राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण, २०१४ याचा एक उद्देशच शेतावरील झाडांच्या तोडणी-वाहतुकीचे निर्बंध सुलभ करणे हा आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कृतिसूत्रे

१. कार्यक्षेत्रातील कातारी, सुतार आणि खेळणी बनवणारे कारागीर यांची यादी करावी. त्यांना वर्षाला कोणत्या जाडीचे व लांबीचे किती लाकूड लागते, हे लिहून घ्यावे.

२. ज्या शेतांत काळ्या कुड्याची झाडे आहेत, त्यांची नोंद करून निरोगी व सरळ खोडाची झाडे बियाण्यासाठी राखून ठेवावीत.

३. रोपवाटिका चालवणाऱ्या महिला गटांना या रोपांची आगाऊ मागणी मिळवून द्यावी.

४. शेतकरी उत्पादक कंपनी आणि कारागीर मंडळ यांची संयुक्त बैठक घडवून आणावी. लाकडाचा दर सरपणाच्या वजनावर न ठरवता जाडी, सरळपणा आणि सुकवणीच्या प्रतीवर ठरवावा.

५. पात्र कारागिरांना पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती द्यावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सुतार तसेच पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनवणारे यांचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे.

६. लेथवरील कचऱ्याचे दोन भाग करावेत. रंग लावण्यापूर्वीचा स्वच्छ भुसा कंपोस्टमध्ये वापरता येतो, लाख व रंग मिसळलेला भुसा मात्र वेगळा ठेवावा.

कातकामाचे कौशल्य नव्या पिढीला शिकवण्याचे प्रयत्न अनेक केंद्रांत सुरू आहेत. शिकलेल्या हातांना लाकूड मिळेल की नाही, हे मात्र आज होणाऱ्या लागवडीवर अवलंबून आहे. लेथ महिनाभरात बसवता येतो, झाडाला वर्षे लागतात. त्यामुळे कारागीर मंडळ स्थापन करताना पहिल्याच पावसाळ्यात बांधावरील लागवडीचे नियोजन हाती घेणे हितावह ठरेल. त्यातून कारागिराला खात्रीचा कच्चा माल मिळेल, शेतकऱ्याच्या बांधाला उत्पन्न लाभेल आणि जंगलातील उरलेल्या झाडांवरील भार कमी होईल.