धूसर चित्र स्वच्छ कसे होते?



सोनोग्राफीचे चित्र धूसर आले, तर पाड्यावरच्या माणसाला पुन्हा शहर गाठावे लागते; मजुरी बुडते, काही जण जातच नाहीत. म्हणून आमच्या नोंदणीकृत दवाखान्याला मशीन देऊ इच्छिणाऱ्यांना मी विचारते: त्यात हार्मोनिकची सोय आहे का?

मशीन समजा 2 मेगाहर्ट्झचा ध्वनी सोडते. शरीरातून जाताना लहरीचा आकार बदलतो आणि 4 मेगाहर्ट्झचा सूरही तयार होतो. कातडी-चरबीच्या थरात हा सूर क्षीण असतो, म्हणून तिथला गोंधळ त्यात कमी उतरतो. एक सरळ, एक उलटी लहर पाठवून दोन्ही प्रतिध्वनींची बेरीज केली, की मूळ सूर पुसला जातो, दुप्पट सूर उरतो. मग पित्ताशयातला खडा अधिक स्पष्ट दिसतो.

देणगीपूर्वी एवढे जरूर पाहावे, ही नम्र विनंती.