ग्रिफिथची कात्री, मिशोचं उत्तर

मूकपटांच्या नादाला लागून बरीच वर्षं झाली. पण भेटेल त्याला मी ज्याच्याबद्दल सांगत सुटतो तो चित्रपट एकच : ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय अमेरिकी दिग्दर्शकाचा १९२० सालचा ‘विदिन अवर गेट्स’. तो समजायचा तर आधी पाच वर्षं मागं जायला हवं.

८ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ झळकला. थॉमस डिक्सनच्या कादंबरीवरचा हा तीन तासांचा मूकपट. अमेरिकी यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक त्यात मस्तवाल आणि गोऱ्या स्त्रियांवर टपलेले दाखवले आहेत. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे बुरखेधारी घोडेस्वार मात्र तारणहार. महत्त्वाच्या ‘काळ्या’ भूमिका तोंड काळं रंगवलेल्या गोऱ्या नटांनी केल्या. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये खास खेळ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विल्यम सिमन्सने जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर क्रॉस पेटवून मोडीत निघालेली क्लॅन पुन्हा उभी केली. जुन्या क्लॅनमध्ये क्रॉस पेटवण्याची प्रथाच नव्हती. ती डिक्सनच्या कल्पनेतली, पडद्यावरून डोंगरावर आलेली.

इथं मला जोतीराव फुले आठवतात. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. त्याच मुक्तीनंतरची वर्षं ग्रिफिथने उचलली आणि तिलाच संकट ठरवलं. हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये महिनोन्महिने चालू होता, तेव्हा तरुण भीमराव आंबेडकर त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

‘त्यातला विचार वाईट, पण कला थोर’ असं आमच्या फिल्म सोसायटीत कुणी ना कुणी म्हणतंच. मला हे अजिबात पटत नाही. शेवटी खोपटात अडकलेलं गोरं कुटुंब, बाहेर काळे सैनिक आणि दौडत येणारे क्लॅनचे घोडेस्वार, असे तुकडे आलटून पालटून येतात. घोडे लवकर पोचावेत असं बघणाऱ्याला वाटू लागतं, आणि तसं वाटलं की तो क्लॅनच्या बाजूला गेलेला असतो. द्वेष इथं कथेइतकाच संकलनात आहे.

याला मोजमापाचा आधारही आहे. पीटरसन आणि थर्स्टन या संशोधकांनी इलिनॉयमधल्या क्रिस्टल लेक गावच्या ४३४ विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवला. गावात काळी वस्ती जवळजवळ नव्हतीच. चित्रपटानंतर काळ्यांविषयीचं मुलांचं मत ठळकपणे बिघडलं आणि ५ महिन्यांनीही पूर्ववत झालं नाही. त्याच अभ्यासात ‘सन ऑफ द गॉड्स’ हा चिनी लोकांना सहानुभूतीने दाखवणारा चित्रपट पाहिलेल्या दुसऱ्या गावातल्या मुलांचं चिनी लोकांविषयीचं मत सुधारलं. हे निष्कर्ष १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता मिशो. जन्म १८८४, इलिनॉय. रेल्वेच्या पुलमन डब्यांत हमाली केली, मग साउथ डकोटात माळरान कसलं, कादंबऱ्या लिहून स्वतःच छापल्या आणि दारोदार विकल्या. एका कंपनीने कादंबरीचे हक्क मागितले, तेव्हा ‘दिग्दर्शन मीच करणार’ ही अट त्याने घातली. बोलणी फिसकटली. मग त्याने स्वतः पैसे उभे केले आणि १९१९ मध्ये त्या कादंबरीवर चित्रपट काढला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शिकागोच्या वांशिक दंगलीत ३८ माणसं मेली.

‘विदिन अवर गेट्स’ त्या जखमा ताज्या असताना शिकागोत आला. जमावाने काळ्या माणसांना फासावर चढवण्याचं दृश्य पाहून दंगल पुन्हा पेटेल, या भीतीने सेन्सॉरशी झगडा झाला. नायिका सिल्व्हिया काळ्या मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवणारी शिक्षिका. एव्हलिन प्रीअरने ती फार संयमाने उभी केली आहे. शेवटाकडे तिचा भूतकाळ उलगडतो. तिला वाढवणारा जॅस्पर लँड्री जमीनदाराकडे हिशेब चुकता करायला जातो. खिडकीतून एक गोरा माणूस जमीनदाराला गोळी घालतो, आळ जॅस्परवर येतो. बायका-मुलांसकट जमलेला गोरा जमाव जॅस्परला आणि त्याच्या बायकोला फासावर चढवतो. याच वेळी दुसरीकडे जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियावर झडप घालतो, आणि तिच्या छातीवरचा व्रण पाहून त्याला कळतं, ही आपलीच मुलगी.

मिशोही आलटून पालटूनच कापतो : इकडे फास, तिकडे झटापट. तंत्र ग्रिफिथचंच, पण घोडेस्वार कुणी येत नाही. गोऱ्या घरच्या लेकीवर काळा माणूस झडप घालतो ही ग्रिफिथची भीती. गुलामगिरीच्या काळापासून खरोखर काय घडत आलं ते मिशो दाखवतो. इतकं नेमकं उत्तर चित्रपटाच्या इतिहासात मला दुसरं आढळलेलं नाही.

हा चित्रपट अनेक दशकं हरवलेला होता. ‘ला नेग्रा’ या नावाची त्याची एकच प्रिंट स्पेनच्या चित्रपट संग्रहात सापडली आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये ती दुरुस्त केली. मिशो १९५१ मध्येच गेला होता.

आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना आणि चित्रपट रसग्रहण वर्ग घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : संकलनाचा धडा म्हणून ग्रिफिथचे घोडेस्वार दाखवाल, त्याच बैठकीत मिशोचा शेवटचा भागही दाखवा. दोन्ही चित्रपट आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत.