चाकांवरचं घर आणि गायकवाडी किनारा

‘मुलूखगिरी’ हा शब्द आपण आज किती सहज वापरतो! सुट्टीत चार गावं फिरून आलं की ‘काय, मुलूखगिरी झाली का?’ असं कोणीतरी विचारतंच. काठियावाडात मात्र या शब्दाला वेगळा इतिहास आहे. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आणि गायकवाडांच्या फौजा सौराष्ट्रात उतरायच्या, तिथल्या संस्थानिकांकडून खंडणी वसूल करायच्या आणि परतायच्या. त्या स्वारीचं नाव मुलूखगिरी. 1807 मध्ये कर्नल वॉकरने प्रत्येक संस्थानाच्या खंडणीचा आकडा ठरवून दिला, तेव्हा कुठे हे प्रकरण मिटलं.

गेल्या डिसेंबरात मी आणि माझा नवरा त्याच मुलखात नऊ दिवस फिरलो. फौज नव्हती, भाड्याचं मोटरहोम होतं. बडोद्याहून भावनगर, महुवा, दीव, कोडीनार, सोमनाथ, माधवपूर, पोरबंदर, द्वारका, ओखा आणि जामनगर-राजकोटमार्गे परत. एकूण साधारण 1300 किलोमीटर. भावनगर ते द्वारका हा सगळा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 51. समुद्र कधी दोन-चार किलोमीटरवर असतो, तर कधी अगदी खिडकीला लागून.

निघताना आमच्याबरोबर एक न सुटलेला प्रश्नही होता. नवऱ्याला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि परतल्यावर उत्तर द्यायचं होतं. पगार बरा होता. पण घरात सगळ्यात जास्त बोललं जात होतं ते वेगळंच कारण: ‘आता तरी आपल्या माणसांत जा.’ आमच्या घराण्याची बडोद्यातली ही पाचवी पिढी. दांडिया बाजारातलं जुनं घर विकून पुण्यात फ्लॅट घ्यायचा, असाही बेत हळूहळू आकार घेत होता. आपली माणसं म्हणजे नक्की कोण, हे मात्र कोणी बोलत नव्हतं.

शंभर लिटरचा संसार

आधी गाडीबद्दल सांगते, कारण सगळे तेच विचारतात. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीत आतून घर बसवलेलं. मागे दोघांचा पलंग, मध्ये ओटा, छोटा फ्रीज, घडीचं टेबल, कोपऱ्यात एवढंसं संडास-बाथरूम आणि टपावर सौर पॅनेल. ताशी साठच्या वर पळवायची नाही, असं आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं. डिझेल लिटरला नऊ-दहा किलोमीटर लागलं. हवा सुरेख होती. दुपारी पंखा लावावा लागे आणि रात्री पातळ गोधडी पुरे.

खरी कसोटी पाण्याची. टाकी शंभर लिटरची. घरी एकाच्या अंघोळीला किती बादल्या लागतात हे आपण मोजत नाही. इथे तिसऱ्या दिवसापासून आम्ही तांबे मोजायला लागलो. भांडी आधी कागदाने पुसायची आणि मग धुवायची. तांदूळ धुतलेलं पाणी पायांवर ओतायचं. आजीच्या काटकसरीला आम्ही किती हसायचो, ते दोघांनाही एकदमच आठवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे भांडून जायला दुसरी खोली नसते. बडोद्यात पुण्याचा विषय निघाला की एक जण गॅलरीत जायचा आणि दुसरा फोन हातात घ्यायचा. इथे फार तर पुढच्या सीटवर जाऊन बसता येतं, तिथून सगळं ऐकू येतं. त्यामुळे बोलणं पूर्ण व्हायला लागलं.

दीव ते सोमनाथ

पहिले दोन मुक्काम दीवमध्ये, घोघला किनाऱ्याच्या बाजूला एका हॉटेलच्या आवारात केले. दीवच्या जुन्या गल्ल्यांत एवढी गाडी नेण्यात अर्थ नाही. ती लावून ठेवावी आणि भाड्याच्या स्कूटरवर फिरावं. पोर्तुगिजांनी 1535 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, पांढरंशुभ्र सेंट पॉल चर्च आणि वाटेवर दिसणारी होका नावाची फांद्या फुटलेली ताडाची झाडं. असं झाड आपल्याकडे सहसा दिसत नाही. गोव्याबरोबरच दीवही 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झालं आणि 1987 पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. समुद्रकाठी ‘आयएनएस खुकरी’चं स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 ला ही युद्धनौका दीवच्या समुद्रात बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. तिथे थोडा वेळ गप्प उभं राहावंसं वाटतं.

दीवहून बाहेर पडताना गुजरातच्या नाक्यावर गाडी तपासतात, दारूबंदी आहे ना! पोलिसाने आमचा फ्रीज उघडला. आत दह्याचा डबा आणि भिजवलेली मटकी. तो म्हणाला, ‘मराठी छो?’ मटकीवरून ओळखलं का, ते विचारायचं राहून गेलं.

कोडीनार लागलं आणि नकाशातली एक गोष्ट जागी झाली. बडोदा संस्थान म्हणजे सलग प्रदेश नव्हताच. बडोदा, नवसारी, कडी यांच्याबरोबर इकडे दूर काठियावाडात अमरेली प्रांत, त्यातलं कोडीनार आणि अगदी पश्चिमेच्या टोकाला ओखामंडळ. म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव 1875 ते 1939 या काळात द्वारकेचेही राजे होते! सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा पहिला प्रयोग 1893 मध्ये झाला तो बडोदा शहरात नव्हे, अमरेली तालुक्यातल्या खेड्यांत. 1906 मध्ये तो साऱ्या राज्यात लागू झाला. शाळेत हे आम्ही पाठ केलं होतं. पण कोडीनारच्या बाहेर उसाच्या गुऱ्हाळावर गरम गूळ खाताना, बाजूने दप्तरं घेतलेल्या मुली सायकलवरून गेल्या, तेव्हा ते खरं वाटलं.

सोमनाथला सगळे नव्या मंदिरात जातात, जावंच. 11 मे 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. पण त्याच्या जवळच एक साधं, बुटकं मंदिर आहे, तेही चुकवू नका. मूळ जागा उद्ध्वस्त असताना अहिल्याबाई होळकरांनी 1783 च्या सुमारास ते बांधलं आणि पूजा पुन्हा सुरू झाली. इंदूरच्या मंडळींना हे सांगायला नकोच. आम्ही गेलो तेव्हा आत मोजकी माणसं होती. गाभाऱ्यात उतरून शांतपणे बसता आलं.

विदर्भाची लेक

वेरावळहून पुढे मांगरोळ आणि मग माधवपूर. इथे रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त नारळवाल्यांच्या गाड्या उरतात. नवऱ्याने गाडी कडेच्या पक्क्या जागेवर लावली (वाळूत अजिबात नेऊ नका, रुततेच), मागचं दार उघडलं आणि आम्ही पलंगावर बसूनच समुद्र पाहिला.

माधवपूरची श्रद्धा अशी की कृष्ण आणि रुक्मिणीचं लग्न इथे लागलं. रामनवमीपासून मोठी जत्रा भरते आणि देवाच्या लग्नाची वरात निघते. रुक्मिणी कुठली? विदर्भाची. आपल्याकडे तिचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर मानतात. विदर्भातून सौराष्ट्रात लग्न होऊन आलेली मुलगी! नवरा म्हणाला, ‘म्हणजे बृहन्महाराष्ट्राची पहिली सूनबाई.’

पुढे द्वारकेत तिचं देऊळ पाहिलं. ते जगत मंदिराजवळ नाही, गावाबाहेर दोनेक किलोमीटरवर एकटंच उभं आहे. कथा अशी: दुर्वास ऋषींचा रथ कृष्ण आणि रुक्मिणी स्वतः ओढत होते. वाटेत तिला तहान लागली, कृष्णाने अंगठ्याने जमिनीतून पाणी काढलं आणि ऋषींना न विचारता ती प्यायली. दुर्वासांनी शाप दिला की तू नवऱ्यापासून दूर राहशील आणि इथलं पाणी खारं होईल. म्हणून या देवळात पाण्याचं दान करायची रीत आहे. तांबे मोजून मोजून तिथवर पोचलेल्या आम्हा दोघांना ही कथा वेगळीच लागली. पंढरपुरातही ती विठ्ठलाच्या शेजारी नाही, वेगळ्या देवळात उभी आहे. सासर दूरचं असलं म्हणून ती परकी झाली का? द्वारकेत तिला कोणी ‘बाहेरची’ म्हणत नाही.

ओखामंडळ: दोन आठवणी

द्वारकेपासून ओखा तीस किलोमीटर. वाटेत मिठाच्या आगरांचे पांढरे ढीग दिसायला लागतात. हे मिठापूर, इथे 1939 मध्ये टाटा केमिकल्सची सुरुवात झाली. पुढचं ओखा बंदर 1926 मध्ये बडोदा संस्थानाने उभारलं. ओख्याहून बेट द्वारकेला पूर्वी होडीने जावं लागे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुदर्शन सेतू झाला आणि आमचं घर चाकांसकट समुद्रावरून बेटावर गेलं. पूल 2.32 किलोमीटरचा आहे. बेटावरच्या गल्ल्या मात्र अरुंद आहेत, पार्किंगमध्ये गाडी ठेवून चालत जावं.

परतताना शिवराजपूरच्या किनाऱ्याकडे वळलो तेव्हा टाकी जवळजवळ रिकामी होती. वाटेतल्या एका घरी पाणी विचारलं. घरातल्या बहेनने अंगणातल्या टांक्यातून बादल्या भरून दिल्या. टांकं म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी. या खाऱ्या मुलखात ते पाणी म्हणजे घरातलं सोनं. पैसे घ्यायला ती तयार होईना. ओट्यावर तिचे सासरे बसले होते, वाघेर समाजातले. कुठून आलात विचारलं. बडोदा म्हटल्यावर म्हणाले, ‘एटले गायकवाडना गामना!’

आम्ही जरा खूश झालो. शाळा, बंदर, रेल्वे असं काहीतरी ऐकायला मिळेल असं वाटलं. ते मिळालंही. त्यांचे आजोबा गायकवाडी शाळेत शिकले होते. पण आजोबांनी पुढे जे सांगितलं ते आमच्या पुस्तकात नव्हतं. ‘शाळा पण गायकवाडांनी दिली आणि तोफा पण त्यांच्यापायीच आल्या,’ ते म्हणाले. ओखामंडळ मुळात वाघेरांचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने ते जिंकून गायकवाडांच्या हाती दिलं. वाघेर पुन्हा पुन्हा उठले. जोधा माणेकच्या नेतृत्वाखाली त्यांनी द्वारका आणि बेट ताब्यात घेतलं, तेव्हा 1859 मध्ये इंग्रजी आरमाराच्या तोफा बेटावर चालल्या. मुळू माणेक 1868 मध्ये लढताना पडला. झवेरचंद मेघाणींनी ‘सोरठी बहारवटिया’मध्ये या माणेकांची कथा लिहिली आहे. इथल्या घरांत ती अजून सांगितली जाते.

हे सगळं त्यांनी राग न ठेवता सांगितलं, चहा पाजत. निघताना म्हणाले, ‘तुम्ही तरी आता इथलेच. पाणी संपलं तर परत या.’

त्या रात्री गाडीत आम्ही बराच वेळ बोललो. बडोद्याचा मराठी माणूस म्हणून आपण सयाजीरावांचा अभिमान बाळगतो, आणि तो बाळगावाच. पण आपण इथे शाळा घेऊन आलो, तसे खंडणी घेऊनही आलो होतो. अभिमान आपला आणि खंडणी दुसऱ्याची, अशी वाटणी करता येत नाही. आणि एवढं सगळं होऊनही ज्यांच्या मुलखात आपण आलो त्यांच्याच नातसुनेने टांक्यातलं पाणी दिलं असेल, तर ‘आपली माणसं’ फक्त पुण्यात आहेत हे कसं म्हणायचं?

पुण्याची नोकरी नवऱ्याने घेतली. दोन वर्षांसाठी, कामासाठी, पगारासाठी. ही कारणं पुरेशी आहेत. ‘आपल्या माणसांत जायचं’ हे कारण मात्र आम्ही यादीतून काढून टाकलं. दांडिया बाजारातलं घर विकणार नाही, हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी शेवउसळ करून ठेवली.

जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रात्री रस्त्याच्या कडेला मुक्काम करू नका. हॉटेल, धर्मशाळा किंवा पेट्रोलपंपावर विचारून गाडी लावा. आम्हाला बहुतेक ठिकाणी ‘हो’ मिळालं. संडासाची टाकी परवानगी घेऊनच आणि योग्य जागीच रिकामी करा, किनाऱ्यावर तर नाहीच नाही. पाणी दिसेल तिथे भरून घ्या. रोज दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त ठरवू नका. आणि आजी-आजोबांना निघण्याआधी विचारून घ्या, की घरातलं कोणी अमरेलीला, कोडीनारला, द्वारकेला संस्थानच्या नोकरीत होतं का. बडोद्यातल्या बऱ्याच घरांत असं एखादं नाव निघतं. ते नाव बरोबर घेऊन जा, आणि तिथे कोणी ओट्यावर बसलेलं भेटलं तर त्यांच्या बाजूची गोष्टही ऐकून या.