मिशरी लावता, हे डॉक्टरांना सांगा

ऑपरेशन ठरलं की घरात दोनच चौकश्या होतात: खर्च किती आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे का. पण धोका किती, हे आपल्या अंगातलं रक्त, साखर आणि सवयी यांवरही ठरतं. त्यातलं बरंचसं आपण सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळत नाही.

"तंबाखू खाता का?" असं विचारलं की बाई नाही म्हणते. ती खोटं बोलत नसते. मिशरीला आपण तंबाखू म्हणतच नाही ना! पण मिशरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. टाक्यांच्या जागी रक्त कमी पोचलं की जखम भरायला वेळ लागतो. तारीख महिनाभर पुढची असेल तर मिशरी आजपासूनच बंद करा. सासूबाईंसमोर सांगायचा संकोच वाटला, तर सिस्टरना म्हणा, "जरा एकटीशी बोलायचंय." आधी झालेला गर्भपात, येणारे झटके, न सोसलेलं औषध, हेही तेव्हाच सांगून टाका.

दुसरं रक्ताचं. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की पांडुरोग म्हणतात, आणि आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना तो आहे. ऑपरेशनमध्ये थोडंफार रक्त जातंच. आधीच कमी असलं तर तेवढंही सोसत नाही. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरायला काही आठवडे लागतात, म्हणून तपासणी लवकर करा. आणि गोळी चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

साखर वाढलेली असली तर जखमेत पू होण्याची भीती जास्त. बीपीच्या, साखरेच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, अगदी वैद्यांचा काढासुद्धा, सगळं पिशवीत घालून न्या. कोणती गोळी थांबवायची ते डॉक्टर सांगतील.

ऑपरेशनच्या सकाळी "घोटभर चहानं काय होतंय?" म्हणणारं कुणीतरी भेटतंच. दुधाचा चहा भुलीच्या आधी 6 तास चालत नाही. भुलीत खोकून बाहेर टाकायची ताकद राहत नाही, पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. प्यायला असाल तर सांगा. ऑपरेशन थोडं पुढं जाईल, एवढंच.

घरी आल्यावर ताप, टाक्यांतून पाणी, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक दम लागला तर रात्र असली तरी थांबू नका, 108 ला फोन करा.